आमच्या यंत्राचा व्हिसा

नोकरीच्या पस्तीस वर्षांत मी तीन गोष्टींना मनापासून घाबरत आलो. ऑडिटर, एक्स्टर्नल आणि तार. पहिल्या दोघांना चहा पाजता येतो, घरची शंकरपाळी पुढे करता येते, 'आपलं मूळ गाव कुठलं?' असं विचारून लांबचं नातंही काढता येतं. तारेचं तसं नाही. तार एकदा नाही म्हणाली की नाही. आणि का नाही, ते ती सांगत नाही.

मी एका जिल्ह्याच्या गावी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. आमच्या प्रयोगशाळेचं वैभव म्हणजे २००६ साली घेतलेला डीएसओ, म्हणजे डिजिटल ऑसिलोस्कोप. ज्यांनी कॉमर्स घेऊन सुखाने आयुष्य काढलं त्यांच्यासाठी सांगतो, हे यंत्र विजेची लाट पडद्यावर काढून दाखवतं. डॉक्टर ईसीजी काढतात तसलाच प्रकार. फक्त इथे रोगी म्हणजे सर्किट, आणि त्याची नाडी धरायला सेकंड इयरची पोरं. यंत्राच्या पाठीला यूएसबीचं चौकोनी भोक होतं. तिथून तार काढून संगणकात खुपसली, की लाटेतले आकडे संगणकात उतरत आणि पोरं आलेख छापून जर्नलात चिकटवत. तेरा वर्षं हा संसार बिनबोभाट चालला होता.

२०१९च्या फेब्रुवारीत जुन्या संगणकाने थोडा धूर काढून प्राण सोडला. नवा आला. काळा, सडपातळ, विंडोज १० वाला. मी तार जोडली. 'टिंग' असा आवाज झाला. मला वाटलं, ओळख पटली. पाहतो तो पडद्यावर डीएसओच्या नावापुढे पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह, आणि खाली मजकूर : या उपकरणाचे ड्रायव्हर बसवलेले नाहीत. कोड २८.

आमच्या प्रयोगशाळेचे परिचर, ज्यांना प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळे 'मामा' म्हणतात, मागे उभे होते. ते म्हणाले, "सर, ड्रायव्हर नाही तर गाडी सुटणार कशी? डेपोत कळवा की."

नेमकी त्याच आठवड्यात डेड स्टॉकची तपासणी होती. हे नाव कुणी शोधलं कोण जाणे, पण त्या रजिस्टरात नाव चढलं की जिवंत वस्तूलाही आपल्या भवितव्याची कल्पना येते. समितीतल्या एका सन्माननीय सदस्यांनी यंत्राकडे, मग पिवळ्या त्रिकोणाकडे पाहिलं आणि म्हणाले, "संगणकाला जोडता येत नाही म्हणजे निकामीच की. भाऊसाहेब, लिहा, कालबाह्य. राइट-ऑफ." मी म्हटलं, "अहो, यंत्र ठणठणीत आहे. पडद्यावर लाट दिसतेय बघा." ते म्हणाले, "दिसत असेल. पण कळवता येत नाही ना?" मला निवृत्तीला दहा महिने राहिले होते. हे वाक्य मला उगीचच लागलं. भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कांनी, तेवढी मेहेरबानी केली की यादीत नाव पेन्सिलीने लिहिलं. ३१ मार्चपर्यंत मुदत.

त्या रात्री झोप येईना. पडल्या पडल्या माझ्या आयुष्यातल्या सगळ्या तारा डोळ्यांपुढून जाऊ लागल्या.

पहिली तार मी १९८४ साली पाहिली. नोकरीला लागलो त्याच वर्षी एका मोठ्या संस्थेत उन्हाळी प्रशिक्षणाला गेलो होतो. तिथे जीपीआयबी नावाची तार होती. बोटाएवढी जाड आणि टोकाला चोवीस पिनांचं लोखंडी डोकं. त्या डोक्यावर दुसरं डोकं बसवता येई, त्यावर तिसरं. अमेरिकेतल्या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस आपली मोजमापाची यंत्रं एकमेकांशी जोडण्यासाठी ही पद्धत तयार केली, आणि १९७५ साली विद्युत अभियंत्यांच्या आयट्रिपलई या संस्थेने तिला ४८८ क्रमांकाचं मानक म्हणून मान्यता दिली. एका तारेवर संगणक धरून पंधरा उपकरणं, आणि सगळ्या तारा मिळून लांबी वीस मीटरच्या आत.

मला या पद्धतीचं फार कौतुक वाटलं, कारण ती थेट आपल्या पंगतीसारखी होती. त्यात एक कंट्रोलर असे, म्हणजे यजमान. एका वेळी बोलणारा एकच. बाकीचे ऐकणारे. आणि प्रत्येक घास, म्हणजे आठ बिटांचा एक अंक, सगळ्या ऐकणाऱ्यांनी गिळल्याशिवाय पुढचा वाढायचा नाही. त्यासाठी तीन तारा वेगळ्या राखलेल्या. म्हणजे पंगतीत सगळ्यांत सावकाश जेवणाऱ्या आजोबांचं आटपेपर्यंत कुणी उठायचं नाही. वेग आजोबांचा, पण उपाशी कुणी राहत नसे. प्रत्येक यंत्राच्या पाठीवर बारीक खटके असत, त्यांनी त्याचा पत्ता ठरवायचा. यंत्र कुठे बसलंय, कोण बोलणार, कधी बोलणार, सगळं डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे.

ही पंगत आमच्या कॉलेजला परवडणारी नव्हती. आमच्या वाट्याला आली आरएस-२३२. ती १९६० साली अमेरिकेत ठरली, तीही टेलिप्रिंटर आणि मोडेम जोडण्यासाठी. मोजमापाची यंत्रं तिच्या गळ्यात नंतर पडली. तिच्यात दोघांनीच बोलायचं, पण आधी अटी ठरवायच्या. सेकंदाला किती बिट, पॅरिटी सम की विषम, शेवटी थांबायचं किती. पत्रिका जुळवताना एवढे गुण पाहत नाहीत. त्यातून दोन्ही यंत्रं एकाच प्रकारची असली, की बोलायची तार बोलायच्या तारेला जोडली जाई. मग दोघंही बोलत, ऐकत कुणीच नाही. आमच्या स्टाफ मीटिंगचा तोच नमुना. त्यावर उपाय म्हणजे दोन आणि तीन नंबरच्या तारांची अदलाबदल. पंचवीस पिनांच्या जोडणीत संगणक दोनवर बोले आणि तीनवर ऐके. पुढे नऊ पिनांची जोडणी आली, तेव्हा तो तीनवर बोलू लागला आणि दोनवर ऐकू लागला. असं का, हे विचारायचं नसतं. माझी ऐन तारुण्यातली काही वर्षं दोन आणि तीन नंबरच्या तारा डागण्यात गेली.

मग १९९६च्या जानेवारीत यूएसबी आली. सात मोठ्या कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं की पुरे झाला हा तारांचा गुंता, आता सगळ्यांना एकच भोक. यात पुढाकार होता इंटेलमधल्या मंडळींचा, आणि त्यांतले एक प्रमुख होते अजय भट्ट. हे बडोद्याचे, म्हणजे सयाजीरावांच्या नावाने चाललेल्या विद्यापीठाचे पदवीधर. बडोद्याचं नाव निघालं की मराठी माणसाची छाती आपोआप दोन इंच फुगते. माझीही फुगली. पण यूएसबीची पट्टी पहिल्या खेपेला सरळ कधीच बसत नाही, उलटी करावी लागते, तीही बसत नाही, पुन्हा पहिल्यासारखी केली की बसते. तेव्हा ती छाती मी पुन्हा मूळ मापावर आणतो. दोन्हीकडून बसणारी पट्टी केली असती तर खर्च वाढला असता, असं भट्टांनीच पुढे सांगितलं. एवढा प्रामाणिक खुलासा ऐकल्यावर राग कसला धरायचा?

यूएसबीचं मुख्य आश्वासन होतं, तार खुपसा आणि कामाला लागा. हे आश्वासन पहिल्यांदा कुठे फसलं ते मात्र साऱ्या जगाने पाहिलं. २० एप्रिल १९९८, शिकागो, कॉमडेक्सचं प्रदर्शन. व्यासपीठावर खुद्द बिल गेट्स. त्यांच्या सहकाऱ्याने विंडोज ९८ किती शहाणं आहे हे दाखवण्यासाठी एक स्कॅनर यूएसबीने जोडला. आता संगणक त्याला ओळखेल, ड्रायव्हर आपोआप चढवेल, असं तो सांगतोय तोच मोठा पडदा निळाशार झाला. संगणक आडवा. लोक हसले, टाळ्या पडल्या. गेट्स म्हणाले, म्हणूनच तर हे अजून बाजारात आणलेलं नाही. ही हकिगत आठवली आणि माझं दुःख निम्मं झालं. जिथे गेट्ससाहेबांच्या देखत तार रुसते, तिथे आमची काय कथा?

आता ड्रायव्हर म्हणजे काय, ते सांगतो. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. यंत्र कानडी बोलतं, संगणक मोडी वाचतो. मध्ये दोन्ही जाणणारा कुणीतरी लागतो. पूर्वीच्या तारांमध्ये हा दुभाषा नव्हता असं नाही. पण बऱ्याच वेळा तो खटक्यांत, पिनांत, माझ्यासारख्या डाग देणाऱ्याच्या हातात दिसत तरी असे. यूएसबीने तार सोपी केली आणि सगळा अवघडपणा उचलून संगणकाच्या पोटात नेऊन ठेवला. तार जोडायला अक्कल लागेना, आणि बिघडलं तर कुठे पाहायचं, तेही कळेना. पन्नास वर्षांच्या प्रगतीचं सार हे एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून दुभाष्याचा शोध सुरू झाला. भाऊसाहेब म्हणाले, "सर, इंटरनेटवर फुकट मिळतं सगळं." त्यांनी कुठलंसं फुकटचं ड्रायव्हर-शोधक उतरवून घेतलं. त्याने संगणक तपासला, ३१२ दोष काढले, लाल अक्षरांत दाखवले आणि ते दुरुस्त करायला पैसे मागितले. दोन दिवसांपूर्वी खोक्यातून काढलेल्या संगणकात ३१२ दोष! एवढे तर आमच्या इमारतीतही ऑडिटरला सापडले नव्हते. ते शोधक काढून टाकण्यात एक आख्खा दिवस गेला.

मग यंत्राबरोबर आलेली मूळ सीडी आठवली. कपाटात मिळेना. मामा जरा चाचरले. म्हणाले, "सर, जुन्या सीड्या मागे तुम्हीच न्या म्हणाला होतात. त्या पपईला टांगल्यात. पाखरं येत नाहीत." संध्याकाळी मामांच्या परसातून उन्हापावसात न्हालेल्या अकरा सीड्या आल्या, आणि आश्चर्य म्हणजे त्यांत ती होती. पण नव्या संगणकाला सीडीची फटच नव्हती. बाहेरून जोडायची एक फट कुणाकडून मागून आणली. सीडी फिरली, संगणकाने ती वाचली आणि म्हणाला, ड्रायव्हर सापडला खरा, पण तो ६४-बिट विंडोजसाठी आहे याची खात्री करा. नव्हता. २००६ सालचा तो गरीब बिचारा ३२-बिट. वाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की ३२-बिट कार्यक्रम ६४-बिट विंडोजवर बहुधा चालतो, पण ३२-बिट ड्रायव्हर चालत नाही. भाडेकरू जुना चालतो, वॉचमन नवाच लागतो. शिवाय २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून ६४-बिट विंडोज अशा ड्रायव्हरांकडे सहीशिक्क्याचा कागदही मागतं.

मी हात टेकले. तेव्हा थर्ड इयरची एक पोरगी पुढे आली. वर्गात एक शब्द न बोलणारी. म्हणाली, "सर, मी बघू?"

तिने पहिला प्रश्न विचारला, "सर, तार जोडल्यावर टिंग वाजतं का?" मी म्हटलं, वाजतं. "मग तार चांगली आहे. तारेत चार वायरी असतात, दोन विजेच्या, दोन बोलायच्या. मोबाइल चार्जिंगच्या काही तारांत नुसत्या विजेच्याच असतात. तसली असती तर संगणक काहीच बोलला नसता." दोन आणि तीन नंबरच्या तारांत तारुण्य घालवलेला मी. मला हे आधी सुचायला नको होतं का?

मग ती म्हणाली, "आणि सर, यंत्राच्या नावाने शोधू नका. नावं बदलतात. नंबराने शोधा."

हे मात्र मला पटलं. ज्या ह्यूलेट-पॅकार्डने ही सगळी पंगत मांडली, तिची मोजमापाची शाखा १९९९ साली वेगळी निघाली तेव्हा ॲजिलेंट झाली, आणि २०१४ साली पुन्हा वाटणी होऊन कीसाइट झाली. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलत, तांदळात लिहून. इथे तर माहेरचं एक आणि सासरची दोन. जुन्या पेटीवर एक नाव, माहितीपुस्तकात दुसरं, आणि ड्रायव्हर तिसऱ्याच नावाखाली.

तिने डिव्हाइस मॅनेजर उघडला, पिवळ्या त्रिकोणावर उजवं बटण दाबलं, तपशिलात शिरली आणि 'हार्डवेअर आयडी' काढला. प्रत्येक यूएसबी उपकरणाच्या पोटात दोन नंबर असतात. एक बनवणाऱ्याचा, दुसरा मालाचा. जोडल्याबरोबर संगणक आधी हेच विचारतो. जमिनीचे मालक बदलतात, भाऊ-भाऊ भांडतात, पण सातबाऱ्यावरचा गट नंबर राहतो, तसं हे. हा नंबर गेला की उपकरण निर्वासित. २०१४ साली तसं झालंही. यूएसबीवरून जुन्या आरएस-२३२ यंत्रांशी बोलणाऱ्या चिपा बनवणारी एफटीडीआय ही स्कॉटलंडची कंपनी नकली चिपांना कंटाळली, आणि तिचा नवा ड्रायव्हर नकली चिप दिसली की तिचा मालाचा नंबर पुसून शून्य करू लागला. तो विंडोजच्या नेहमीच्या अद्ययावतीबरोबर गुपचूप घरोघर गेला. ज्यांना आपली चिप नकली आहे हे ठाऊकही नव्हतं, त्यांची चांगली चालणारी यंत्रं एका रात्रीत अनोळखी झाली. बोंबाबोंब झाली तेव्हा कंपनीने तो मागे घेतला.

आमच्या यंत्राचे नंबर शाबूत होते. त्याखाली आणखी एक ओळ होती : क्लास एफई, सबक्लास ०३. पोरीचे डोळे चमकले. "सर, हा यूएसबीटीएमसी आहे!"

त्याचा अर्थ असा. यूएसबीच्या जगात प्रत्येकाचा धंदा नोंदवलेला असतो. कीबोर्ड आणि माउस एका धंद्याचे, पेनड्राइव्ह दुसऱ्या. या नेहमीच्या पाहुण्यांचे दुभाषे विंडोज घरातच ठेवतं, म्हणून माउस जोडताना कुणी सीडी शोधत नाही. मोजमापाच्या यंत्रांचा धंदा २००३ साली नोंदला गेला, त्याचं नाव यूएसबीटीएमसी. लिनक्सने त्याचा दुभाषा २००८च्या अखेरीस आपल्या गाभ्यातच घेतला. विंडोजबरोबर मात्र तो येत नाही, बाहेरून आणावा लागतो. म्हणजे आमच्या यंत्राला त्याच्या कंपनीचा खास ड्रायव्हर नकोच होता. त्याच्या धंद्याचा कुठलाही चांगला दुभाषा चालणार होता. आणि तो ज्या संचात मिळतो त्याचं नाव व्हिसा. १९९०च्या दशकात यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवलेली ही पद्धत. जुनी जीपीआयबी असो, आरएस-२३२ असो की यूएसबी, वर बसलेल्या माणसाने एकाच तऱ्हेने बोलायचं. रस्त्यांचं व्हिसा पाहून घेईल. मोठ्या कंपन्या तो आपापल्या संकेतस्थळावर ठेवतात.

तो उतरवायला आमच्या कॉलेजच्या इंटरनेटला पाच तास लागले. मधे मी घरी फोन केला. उत्साहात म्हणालो, "अगं, व्हिसा मिळाला!" पलीकडे क्षणभर शांतता. मग ही म्हणाली, "दोघांचाही?" आमचा मुलगा न्यू जर्सीला असतो. मी खुलासा करेपर्यंत हिने भाजणीसाठी डाळी निवडायला घेतल्या होत्या. यंत्राला व्हिसा मिळाला आणि आपल्याला नाही, हे तिने आजतागायत मनात ठेवलं आहे.

व्हिसा चढला. संगणक बंद करून चालू केला. तार जोडली. टिंग. पिवळा त्रिकोण नाहीसा झाला आणि त्या जागी एक शांत, सभ्य ओळ आली : यूएसबी टेस्ट अँड मेझरमेंट डिव्हाइस.

"आता विचारू, सर?" पोरगी म्हणाली. तिने चांदणीचं चिन्ह, मग आयडीएन ही तीन अक्षरं आणि शेवटी प्रश्नचिन्ह टाइप केलं. म्हणजे यंत्राला विचारायचं, तू कोण? हा प्रश्न १९८७ साली ठरला, त्या जुन्या जाडजूड जीपीआयबीच्या नियमांच्या दुसऱ्या भागात. १९९६च्या तारेवरून १९८७चा प्रश्न २००६च्या यंत्राला २०१९ साली विचारला गेला, आणि यंत्राने पापणी न हलवता चार गोष्टी स्वल्पविराम देऊन सांगितल्या : बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, अनुक्रमांक आणि आवृत्ती.

कुणीच काही बोललं नाही. मामांनी टोपी काढून कपाळ पुसलं. भाऊसाहेबांना बोलावलं. त्यांनी डेड स्टॉक रजिस्टर उघडून अनुक्रमांक बोट ठेवून एकेक अंक ताडून पाहिला. मग खिशातला खोडरबर काढला.

त्या वर्षाअखेर मी निवृत्त झालो. आता दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातो. २०१४पासून तोही अंगठा टेकवून देता येतो. परवा गेलो तर खिडकीतला तरुण म्हणाला, "काका, तुमचा अंगठा येत नाहीये. मशीनच दाखवत नाही." मी म्हटलं, "टिंग वाजतं का?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून वाकून पाहिलं. पडद्यावर आपला तो ओळखीचा पिवळा त्रिकोण. मागे बावीस पेन्शनर, सगळे हयात, आणि एकालाही ते सिद्ध करता येत नव्हतं.

"ड्रायव्हर गेलाय," मी म्हटलं. "नावाने शोधू नकोस, नंबराने शोध."

तो कामाला लागला. वीस मिनिटं गेली. मग कंटाळून त्याने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "काका, आपण कोण?"

मी ताठ उभा राहिलो आणि चार गोष्टी स्वल्पविराम देऊन सांगितल्या : वडलांचं नाव, नोकरीचा हुद्दा, पेन्शनचा नंबर, आवृत्ती पासष्टावी.